बुडखा आत, शेंडा बाहेर

हॉथॉर्न या काटेरी झुडपाचं मनगटाएवढं खोड चेनसॉनं कापायला मला अर्धं मिनिट लागतं. ते खोड आजूबाजूच्या फांद्यांतून सोडवायचं, ओढून बाहेर काढायचं, छाटायचं आणि कुठंतरी ठेवायचं, याला दहा-पंधरा मिनिटं. एवढा एक हिशेब पहिल्याच वर्षी डोक्यात बसला असता, तर यंत्र निवडताना आम्ही उलट्या टोकानं सुरुवात केली नसती. माजलेली काटेरी कुपाटी साफ करायची म्हटली की माणूस आधी विचारतो, कापायचं कशानं? मीही तेच विचारलं. विचारायला हवं होतं, कापलेल्या काट्या जाणार कुठं?

खरं तर हे मला कुणी सांगायची गरज नव्हती. मी जत तालुक्यातली. काटेरी फांदीला आमच्याकडं फेसाटी म्हणतात. उन्हाळ्यात अण्णा बांधावरच्या बोरी-बाभळी खांडायचे आणि आम्ही भावंडं फेसाट्या ओढायचो. तोडायला एकटे अण्णा, ओढायला आई धरून चौघं, आणि तरी संध्याकाळी ढीग शिल्लक राहायचा. हातात बेळकं, पायात टायरच्या चपला. फेसाटी पुढून ढकलायची नाही, बुडख्याला धरून मागं ओढायची. मग काटे आपोआप मिटतात आणि ती मुकाट्यानं मागं येते. दहा वर्षांची असताना हे मला येत होतं. पंचेचाळिसाव्या वर्षी इंग्लंडात यंत्रांच्या माहितीपत्रकांपुढं बसले तेव्हा आठवलं नाही.

लेस्टरशरमध्ये, मेल्टन मोब्रेपासून काही मैलांवर, आमचं साडेचार एकरांचं कुरण आहे. मी नर्स, नवरा शाळेत शिक्षक. २०१८ साली आम्ही ही जमीन घेतली. कोवळ्या उन्हात तिथं उभं राहिलं की गवताखाली लाटा दिसतात. मध्ययुगात बैलांच्या नांगरानं पडलेले ते सरी-वरंबे आहेत. पुढं जमीन कुरणाखाली गेली, म्हणून ते मोडले नाहीत. पूर्वेच्या बाजूला १९० मीटर लांबीची हॉथॉर्नची कुपाटी आहे. अठराव्या आणि एकोणिसाव्या शतकात इथल्या संसदेनं एकेका गावासाठी कायदे करून सामायिक शेतं आणि गायरानं वाटून टाकली. ज्याच्या वाट्याला जमीन आली त्यानं ती कुंपणानं बंद करायची, असा दंडक होता. त्या कुंपणांसाठी लाखोंनी लावली गेली ती हॉथॉर्नची रोपं. स्वस्त, चिवट, लवकर वाढणारी, आणि काट्यांमुळं गुरांना न जुमानणारी. म्हणजे ज्या झुडपाचा मला आज इतका लळा लागलाय, ते गरिबाची गाय गायरानातून बाहेर काढायला लावलेलं होतं. गायरान गेलेली गावं मी माझ्या तालुक्यात पाहिली आहेत, म्हणून ही गोष्ट मला विसरता येत नाही.

इथली जुनी माणसं या झुडपाला ‘क्विक’ म्हणतात. या शब्दाचा जुना अर्थ ‘जिवंत’. तोडलेल्या काट्यांचं कुंपण ते मेलेलं आणि रोप लावून वाढवलेलं ते जिवंत. आमच्या जतच्या कुपाट्या बहुतेक पहिल्या जातीच्या. हा फरक पुढं फार कामाला आला.

जिवंत कुंपण माजतं कसं, तेही सांगायला हवं. हॉथॉर्नला नुसतं वाढू दिलं तर ते झुडूप राहत नाही, झाड होतं. सगळा जोर शेंड्याकडं जातो, खालच्या फांद्या सावलीत वाळतात आणि बुडाशी भोकं पडतात. त्यातून मेंढी सहज निघून जाते. उलट, दर वर्षी यंत्रानं एकाच उंचीवर तासलं तर तिथं गाठी येतात, वर छत्री आणि खाली नुसते दांडे उरतात. आमच्या कुपाटीचं दोन्ही झालं होतं. आधी बरीच वर्षं एकाच रेघेवर तासलेली आणि मग वीसेक वर्षं कुणी हातच न लावलेली. खालून चार फुटांवर गाठींची रांग आणि त्याच्या वर पाच मीटर उंचीचा माज. रुंदीही वाढत वाढत तीन मीटरांवर गेलेली. मे महिन्यात पांढऱ्या फुलांनी ती अशी लवलवायची की कापायचा विचारच नको वाटायचा. या फुलांना कुजकट वास येतो. ती घरात आणू नयेत असा इथं जुना समज आहे.

पहिल्या हिवाळ्यात आम्ही ठेकेदार बोलावला. ट्रॅक्टरच्या बाजूला लांब हात, त्याच्या टोकाला वेगानं फिरणारा रूळ आणि रुळावर लोंबणारी जड पाती. याला फ्लेल म्हणतात, आणि इथल्या बहुतेक कुपाट्या यानंच तासल्या जातात. एक-दोन वर्षांची, अंगठ्याच्या आतली वाढ असेल तर हे यंत्र उत्तम काम करतं. आमच्याकडं खोडं मनगटाएवढी, काही मांडीएवढी होती. फ्लेल कापत नाही, झोडपतं. दुपारपर्यंत सत्तर मीटर कुपाटी छातीएवढी झाली आणि ठेकेदार पैसे घेऊन गेला.

संध्याकाळी मी जवळ जाऊन पाहिलं. एका खोडाचं टोक हातात घेतलं तर ते चावून फेकलेल्या दातवणासारखं झालं होतं. तंतू पिंजारलेले, आणि मधून चीर पडून ती वीतभर खाली उतरलेली. चिरेत पावसाचं पाणी साचून होतं. असं एकच खोड नव्हतं, सत्तर मीटरभर तेच होतं. आणि काट्या कुठं गेल्या? सगळीकडं. काट्यांसकट झालेल्या ढलप्या गवतात सहा-सहा मीटरांवर उडाल्या होत्या. कुणी उचलायच्या म्हटलं तरी उचलता येणार नाहीत एवढ्या बारीक, आणि खुरात शिरतील एवढ्या टणक. आमच्या कुरणात शेजारच्या आजोबांच्या मेंढ्या चरतात. त्या महिन्यात त्यांतल्या चार लंगडल्या, आणि आमच्या छोट्या ट्रेलरची दोन्ही चाकं बसली.

त्या ढलप्या वेचायचा प्रयत्न करतानाच नवऱ्याच्या बोटात काटा गेला. उजव्या हाताचं मधलं बोट, मधला सांधा. काटा निघाला असं वाटलं, रक्त थांबलं, त्यानं हात धुतला आणि विषय संपला. आठवड्याभरानं सांधा सुजला. दोन आठवड्यांनी बोट वाकेना. हॉथॉर्नच्या काट्याचं टोक सांध्याच्या आवरणात मोडून राहिलं तर आत सूज धरून बसते आणि नुसत्या औषधांनी हटत नाही. एक्स-रे काढला, स्वच्छ आला. लाकूड बहुतेक वेळा एक्स-रेत दिसत नाही, हे नर्स म्हणून मला ठाऊक होतं, म्हणून मी सोनोग्राफीचा आग्रह धरला. त्यात तांदळाच्या कणीएवढा तुकडा दिसला. छोटी शस्त्रक्रिया करून तो काढला तेव्हा काटा लागून सहा आठवडे झाले होते. काट्याचा नायटा म्हणतात तो असा. तेव्हापासून आमच्याकडं कोपरापर्यंतचे जाड चामड्याचे हातमोजे आणि डोळ्यांवर जाळी असल्याशिवाय कुणी कुपाटीला हात लावत नाही. बागकामाचे कापडी हातमोजे इथं काही कामाचे नाहीत. धनुर्वाताचं इंजेक्शन वेळेवर घेतलेलं असणं ही तर पहिली पायरी.

शेजारचे आजोबा फेब्रुवारीत येऊन ती सत्तर मीटरांची दैना बघून गेले. ते रागावले नाहीत. पुढं काय करायचं ठरवलंय, एवढंच त्यांनी विचारलं. मी यंत्रांची नावं सांगायला लागले. खोदयंत्राला लावायची कात्री, चार चकत्यांची करवत, फांद्यांचा भुसा करणारं भाड्याचं चिपर. सगळं ऐकून घेऊन त्यांनी विचारलं, “आणि कापलेलं टाकणार कुठं?” मी गप्प झाले. मग ते कुपाटीत शिरले, एका खोडाभोवती दोन्ही हातांचा विळखा घातला आणि म्हणाले, “हे अजून वाकतं.” पुढच्या खोडाला विळखा बसेना. “हे वाकणार नाही. हे बुडातून घ्यावं लागेल.” असं करत करत ते पूर्ण १९० मीटर चालले. अख्ख्या कुपाटीला एकच यंत्र शोधत होते मी; त्यांनी दाखवलं की ती एक कुपाटी नाहीच.

त्या ऑक्टोबरात पानं झडायला लागल्यावर आम्ही दोघांनी रंगीत फिती बांधल्या. पंचावन्न मीटरांतली खोडं अजून वाकण्याजोगी होती. ऐंशी मीटर बुडातून कापायची. ज्या सत्तर मीटरांवर फ्लेल फिरलं होतं ती सगळी त्यात आली. उरलेले पंचावन्न मीटर काही वर्षं तसेच ठेवायचे. तसे ठेवायचं कारण पक्षी. स्कँडिनेव्हियातून थंडीत इथं येणारे फील्डफेअर आणि रेडविंग कुपाटीच्या लाल फळांवर हिवाळा काढतात, आणि हॉथॉर्नला फूल येतं ते मागच्या वर्षीच्या लाकडावर. सगळी कुपाटी एकदम कापली तर पुढची दोन-तीन वर्षं एकही फळ नाही. वेळेचंही बंधन आहे. घरटी मोडणं १९८१ च्या कायद्यानं गुन्हा आहे, आणि मे २०२४ पासून इंग्लंडमध्ये शेतजमिनीवरच्या कुपाट्या १ मार्च ते ३१ ऑगस्ट या काळात छाटायला कायद्यानंच बंदी आली. ग्रामीण भागातली अशी जुनी कुपाटी मुळासकट उपटायची तर १९९७ च्या नियमांप्रमाणं स्थानिक नियोजन खात्याला आधी कळवावं लागतं. बुडातून कापणं म्हणजे उपटणं नव्हे, कारण बुडखा जिवंत राहून फुटतो. तरीही मी फोन करून विचारून घेतलं. परक्या मुलखात जुन्या गोष्टीला हात लावताना विचारलेलं बरं.

मग यंत्र. कात्रीचं काम मी पलीकडच्या एका शेतावर बघितलं. आठ टनी खोदयंत्राच्या हाताला कात्री, ती खोड धरते, कापते आणि धरलेलं तसंच उचलून बाजूला ठेवते. काट्यांना माणसाचा हात लागत नाही. एखाद्या किलोमीटरची कुपाटी असती तर मी हेच घेतलं असतं. पण पातं जरा बोथट असलं की कात्री कापण्याआधी चेचते, बुडखा फाटतो, आणि ती जमिनीपासून फूटभर वरच कापते. मागून चेनसॉ घेऊन प्रत्येक बुडखा पुन्हा खाली घ्यावा लागतो. आणि आमची माती चिकण. नोव्हेंबरनंतर तिच्यावर आठ टन फिरवले असते तर आठशे वर्षांचे सरी-वरंबे एका दिवसात गेले असते. चकत्यांची करवत स्वच्छ कापते, जखम सुरेख होते. पण ती धरत नाही. कापलेलं कोसळतं ते शेजारच्या खोडांत अडकून, आणि पुन्हा काट्यांत शिरायची पाळी माणसावर येते.

चिपर आम्ही दोन दिवसांसाठी आणलं आणि पहिल्याच संध्याकाळी त्याचा नाद सोडला. पोप्लर किंवा विलोची सरळ फांदी चिपरमध्ये सरसर जाते. हॉथॉर्नची फांदी जागोजाग काटकोनात फुटलेली असते. ती तोंडातच आडवी होते. बुडखा आधी घालायचा हा नियम बरोबर, पण त्याआधी प्रत्येक फांदी तीन-चार ठिकाणी मोडावी लागते, म्हणजे काट्यांना हात चार वेळा लागतो. आणि शेवटी हातात काय येतं, तर काटे मिसळलेला भुसा, जो पायवाटेवर टाकता येत नाही आणि वाफ्यातही टाकायची भीती वाटते. जाळणं हा इथला सगळ्यात जुना उपाय. मर्यादेत जाळायला परवानगीही असते, फक्त साळूसारखा दिसणारा तो चिमुकला हेजहॉग ढिगाखाली शिरून झोपलेला असतो, म्हणून पेटवायच्या आधी ढीग हलवावा लागतो. माझा हात तयार होईना. आमच्याकडं काटी एक हंगाम कुंपण म्हणून राबल्याशिवाय चुलीत जात नाही.

तिथं मला जत आठवलं. बुडातून कापलेल्या कुपाटीचे सगळ्यात मोठे शत्रू मेंढी आणि मुंटजॅक. मुंटजॅक म्हणजे आपल्या भेकराचं चिनी भावंड. बेडफर्डशरमधल्या एका मोठ्या जहागिरीच्या बागेत ते आणलं गेलं आणि तिथून निसटून सगळ्या मिडलँड्सभर पसरलं. वसंतात बुडख्यातून निघालेले लुसलुशीत कोंब ते रात्रीत खाऊन टाकतं. दोन-तीन वर्षं तरी या कोंबांना राखण हवी. लोक तारेची जाळी लावतात. मी म्हटलं, काट्या इथंच आहेत की! जिवंत कुंपणाच्या राखणीला त्याच्याच काट्यांचं मेलेलं कुंपण घालू. मेलेलं कुंपण घालायची रीत इथंही आहे, आजोबांनी ती लहानपणी पाहिलेली. पण हॉथॉर्नच्या फेसाट्या रचायला आता कुणाला फावत नाही. मला रचता येत होतं.

काट्या जाणार कुठं हे ठरल्यावर यंत्र निवडायला पाच मिनिटंही लागली नाहीत. रबरी पट्ट्यांवर चालणारं तीन टनी छोटं खोदयंत्र, त्याला बादलीऐवजी पंजा, आणि चालवायला रोजानं एक तरुण. कापायचं मी, चेनसॉनं. त्याचं रीतसर प्रशिक्षण मी आधीच्या उन्हाळ्यात घेतलं होतं. २०२१ च्या नोव्हेंबरात, माती अजून कोरडी असताना, पाच दिवस आम्ही राबलो. नियम असा केला की मी आठ-दहा मीटर कापायचं, मग चेनसॉ बंद करून लांब हटायचं, हात वर करायचा, आणि मगच यंत्रानं पुढं यायचं. यंत्र चालू असताना त्याच्या हाताच्या टप्प्यात कुणी नाही. यानं वेळ जातो. गेला तर जाऊ द्यावा.

बुडापर्यंत पोचणं हेच खरं काम असतं. आधी लांब दांड्याच्या छाटणी-यंत्रानं बाजूच्या फांद्या काढून खोडापर्यंत वाट करायची. मग बुडाशी साचलेला पाला, माती, आयव्हीच्या वेली हातानं दूर करायच्या. घाईत हे टाळलं की साखळी मातीत जाते आणि दोन मिनिटांत बोथट होते. माती तरी दिसते. न दिसणारी गोष्ट म्हणजे तार. शंभर वर्षांत या कुपाटीची भोकं बुजवायला कुणी काटेरी तार ठोकली, कुणी डुकरांची जाळी, कुणी घोड्याच्या नालेचे खिळे. झाडानं ते सगळं गिळलं होतं. पहिल्या दिवशी दुपारी एका खोडातून ठिणग्या उडाल्या आणि साखळीचे सात दात गेले. नंतर मी ओळखायला शिकले. तार जिथून आत शिरते तिथं साल मिटलेल्या ओठांसारखी दिसते, त्यावर एक आडवी सुरकुती असते. ती दिसली की एक वीत खाली किंवा वर कापायचं. तरी पाच दिवसांत तीन साखळ्या गेल्या.

वाकून ताणलेलं खोड हा दुसरा धोका. वरच्या फांद्या अडकलेल्या असल्या की खोड धनुष्यासारखं ताणलेलं असतं. ताणाच्या बाजूनं एकदम कापलं तर ते फाटून तोंडावर येतं. आधी दाबाच्या बाजूला थोडा काप, मग ताणाच्या बाजूनं सावकाश. आणि शेवटचा काप, ज्याच्यासाठी हा सगळा खटाटोप, तो जमिनीपासून चार बोटं वर, जरा उतरता, म्हणजे पाणी बुडख्यावर न थांबता ओघळून जाईल. फ्लेलनं फाडलेली खोडं मी चीर संपेल तिथपर्यंत खाली घेतली. काहींची चीर मातीतच गेली होती. असे अकरा बुडखे पुढं फुटलेच नाहीत.

मग पंजा यायचा. त्या तरुणानं आधी कधी फेसाटी रचली नव्हती. तो उचलून नुसती टाकत होता आणि ढीग होत होता. मी त्याला थांबवलं, एक काटी बुडख्याला धरून ओढत आणली आणि करून दाखवलं. बुडखा आत, शेंडा बाहेर. पुढच्या काटीचा बुडखा मागच्या काटीच्या शेंड्याखाली खुपसायचा. मग पायानं, म्हणजे आता पंज्यानं, दाबायचं. काटे एकमेकांत रुततात आणि कुठलीही एक काटी ओढून निघत नाही. जनावर बाहेरून येतं तेव्हा त्याच्या नाकाला शेंड्याचे काटे लागतात. त्या तरुणानं मान हलवली आणि पंज्यानं खोड बुडख्यापाशी धरलं. तेव्हा माझ्या लक्षात आलं की हे यंत्र आपल्यासारखंच काम करतं. बुडखा धरला की शेंडा आपसूक मागं लोंबतो आणि फिरवताना बाहेरच्या अंगाला जातो. दुसऱ्या दिवसापासून मला काही सांगावं लागलं नाही.

कापलेल्या रांगेच्या दोन्ही बाजूंना कंबरभर उंचीची अशी मेलेली कुपाटी उभी राहिली. मध्ये दोन हात मोकळे सोडले, कारण बुडख्याला ऊन मिळालं नाही तर तो फुटत नाही; त्याच्यावरच काट्या टाकणं ही इथं नेहमी दिसणारी चूक आहे. मी व्हिडिओवर अण्णांना दाखवलं. थोरल्या भावानं मोबाइल धरला होता. अण्णा बराच वेळ बघत राहिले आणि म्हणाले, “बुडखा आत घातलायस न्हवं? मग बास. वरनं दगुड ठिव, वाऱ्यानं उचलंल.” इथं दगड नाहीत, नुसती चिकणमाती. आम्ही दर चार हातांवर हेझलच्या मेखा ठोकल्या.

वाकवायचे पंचावन्न मीटर आम्ही हातानं केले, दोन हिवाळ्यांत. तिथं यंत्राचा विचारही केला नाही. इंग्लंडात या कामाच्या जिल्ह्याजिल्ह्याला वेगळ्या पद्धती आहेत, कोयत्याचे आकारसुद्धा निरनिराळे; ही कला मरू नये म्हणून १९७८ मध्ये राष्ट्रीय पातळीवर एक संस्थाही निघाली. आमच्या भागातली मिडलँड पद्धत, बैलांना अडवण्यासाठी घडलेली. खोडाला जमिनीलगत तिरका काप द्यायचा, इतका खोल की शेवटी साल आणि थोडं कोवळं लाकूड एवढंच उरतं. मग खोड हळूच चढाच्या दिशेला आडवं निजवायचं. ती उरलेली पट्टी म्हणजे त्याची नाळ. मुळातलं पाणी तिच्यातून आडव्या खोडात जातं आणि ते जगतं. दर दीड फुटाला मेख, आणि वर हेझलच्या लवचीक काठ्यांची वीण. पहिलं खोड मी निजवलं तेव्हा नाळ करकरली आणि माझे हात थांबले. आजोबा मागून म्हणाले, “आवाज होऊ दे. थांबलीस तर मोडेल.” ते मोडलं नाही. दिवसाला चार मीटर, कधी पाच. चेनसॉनं काप लवकर होतो, आणि जाड खोडांना आम्ही तोच वापरला. पण बारीक खोडांना कोयता. कोयत्यात नाळ किती उरली ते हाताला कळतं, चेनसॉत कळेपर्यंत ती गेलेली असते.

एप्रिलच्या तिसऱ्या आठवड्यात मी मेलेल्या कुपाटीवरून वाकून आत बघितलं. काळपट बुडख्यांच्या कडेनं, सालीखालून, लालसर ठिपके फुटले होते. एका बुडख्यावर मी तेवीस कोंब मोजले. सप्टेंबरपर्यंत ते कंबरेला आले. जे अकरा बुडखे मेले होते तिथं पुढच्या हिवाळ्यात हॉथॉर्नचीच बिनमातीची रोपं लावली, मीटरला पाच, दोन ओळींत. मुंटजॅकची खुरं ओढ्याच्या चिखलात रोज दिसत होती, पण कोंब शाबूत होते. काट्यांच्या त्या ढिगात रेन नावाच्या चिमणीहूनही छोट्या पक्ष्यानं घरटं केलं. आता ती मेलेली कुपाटी खचून गुडघ्याएवढी झाली आहे आणि आतली जिवंत कुपाटी माझ्या डोक्यावर गेली आहे.

फ्लेलशी माझं भांडण नाही. तेच यंत्र आता दर तीन वर्षांनी येतं, एका खेपेला एकच बाजू घेतं, कोवळी वाढ तेवढी छाटतं, आणि प्रत्येक वेळी पाती वीतभर वर ठेवतं, म्हणजे गाठींची रांग होत नाही. अंगठ्याएवढ्या फांदीला ते स्वच्छ कापतं.

राखून ठेवलेल्या पंचावन्न मीटरांची पाळी या ऑक्टोबरात आहे. फिती बांधून झाल्या आहेत. तारेच्या तीन जागा खडूनं खुणावल्या आहेत, आणि त्याच तरुणाचं छोटं यंत्र शेवटच्या आठवड्यासाठी सांगून ठेवलं आहे. काट्या दक्षिणेच्या उघड्या कोपऱ्यावर जाणार; ओढ्याकडून मुंटजॅक तिथूनच शिरतात.